रकाना नऊ : संगीत

माझ्या साडूंच्या अंत्यविधीत गादीची जाहिरात वाजली, आणि नसतं लचांड माझ्या मागे लागलं.

झालं असं, साडूंना निरोप द्यायला आम्ही सगळे नगरपालिकेच्या निरोपगृहात जमलो होतो. तिथे प्रत्येकाला वीस मिनिटं मिळतात, त्यातली चार संगीताची. साडूंचा जावई कॉम्प्युटरवाला, त्यामुळे संगीताचं खातं आपसूक त्याच्याकडे गेलं. त्याने गंभीर चेहऱ्याने फोन काढला, भिंतीवरच्या स्पीकरला जोडला, डोळे मिटले, आणि सभागृहात एका बाईचा प्रसन्न आवाज घुमला, "पाठ दुखतेय? आता निश्चिंत झोपा. दहा वर्षांची हमी." जाहिरात पहिली पाच सेकंदं बंद करता येत नाही, हे ज्ञान त्या दिवशी शंभर माणसांना एकदम झालं. मेहुणी रडता रडता हसली आणि मग हसली म्हणून पुन्हा रडली. साडू जन्मभर पाठदुखीने बेजार होते, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांची अवस्था तर सांगायलाच नको.

मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो होतो. तिथल्या तिथे ठरवलं की आपल्या वेळी हे होऊ द्यायचं नाही. आपलं संगीत आपण निवडायचं, लिहून द्यायचं आणि शिक्का मारून घ्यायचा.

यात माझ्या नोकरीचाही दोष आहे. माणसं जिला लिफ्ट म्हणतात तिला सरकार उद्वाहन म्हणतं, आणि ती तपासणाऱ्याला उद्वाहन निरीक्षक. एकोणतीस वर्षं मी हे काम करतोय. दोर तुटल्यावर बघण्यात अर्थ नसतो, तुटायच्या आधी बघायचा असतो, हे आमच्या खात्याचं पहिलं तत्त्व. शिवाय मला संगीतातलं कळतं असा माझा समज आहे. मैफलीत मान कधी हलवायची हे मी पुढच्या रांगेतल्या माणसाची मान बघून ठरवतो, पण हलवतो अगदी समेवर. चार दिवस बसून मी अकरा रचनांची यादी केली. व्हायोलिन, सारंगी, एका जुन्या गायिकेची दोन गाणी, एक बासरी, असं सगळं भारदस्त. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की माणूस लिफ्ट तपासायचा खरा, पण आत काहीतरी वेगळंच होतं.

निरोपगृहाच्या कार्यालयात एकच खिडकी होती. खिडकीवरच्या बाई चष्म्याच्या वरून बघणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "मयताचं नाव?"

"माझंच," मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मयताने स्वतः यायची गरज नसते. नातेवाईक चालतात."

मी त्यांना आगाऊ नोंदणीची कल्पना समजावून सांगितली. तशी सोय आहे, पण अजून कोणी वापरलेली नाही, असं त्या म्हणाल्या. मला जरा अभिमान वाटला. रकाना नऊ संगीताचा होता, तिथे मी टपोऱ्या अक्षरात व्हायोलिन लिहिलं. रकाना चौदापाशी गाडी अडली.

"दिनांक लागेल," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय मशीन पुढे जात नाही."

"कसला दिनांक?"

"कार्यक्रमाचा."

"तो मी कसा सांगणार?"

"अंदाजे सांगा. नंतर बदलता येतो."

मी माणूस समंजस, आणि घराण्यात सगळे दीर्घायुषी. पंचवीस वर्षांनंतरची एक तारीख दिली. मशीनने ती घेतली नाही. चालू वर्षाच्या पुढचं मशीनला दिसत नव्हतं. थोडी घासाघीस झाली आणि शेवटी वर्षाचा शेवटचा दिवस ठरला. "दुपारी तीन दहा मोकळं आहे," बाई म्हणाल्या, "टाकते." दाताच्या डॉक्टरकडची वेळ घेताना माणूस जसं हो म्हणतो तसं मी हो म्हणालो.

"आता सतरावा रकाना. जवळच्या नातेवाईकाची सही. जी व्यक्ती त्या वेळी हजर असणार तिची. तीस दिवसांत आणून द्या, नाहीतर अर्ज बाद."

"बाद झाला तर?"

"मग संगीत उपस्थितांच्या मर्जीवर."

"म्हणजे कोणाच्या?"

"ज्याच्याकडे फोन असेल त्याच्या."

माझ्या डोळ्यांपुढे साडूंचा जावई उभा राहिला. सही आजच आणतो, असं सांगून मी घरी निघालो. माझी बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. डॉक्टरांचं अक्षर वाचणारी बाई, एका सहीला ती कशाला नाही म्हणेल, असा माझा सरळ हिशेब.

पण मी घरी पोचायच्या आधी मशीन पोचलं होतं. जवळच्या नातेवाईकाचा नंबर मी भाबडेपणाने लिहून दिला होता. ही दुकानात एका आजोबांना खोकल्याचं औषध समजावत असताना हिच्या फोनवर निरोप आला : आपल्या पतीच्या अंत्यविधीची तात्पुरती नोंद झाली आहे, एकतीस डिसेंबर, दुपारी तीन दहा, कृपया वेळेवर उपस्थित राहावे.

मी दार उघडलं तेव्हा ही सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"एकतीस तारखेला दुकानात स्टॉक मोजायचा असतो," ही म्हणाली. "सुट्टी मिळणं कठीण आहे."

मी सगळी हकीकत सांगितली. मशीन, रकाना चौदा, सगळं. हिने ऐकून घेतलं. मग मी फॉर्म आणि पेन पुढे केलं. हिने सतरावा रकाना वाचला, नववा वाचला, कागदाची नीट घडी घातली आणि टीव्हीखालच्या खणात ठेवून दिली.

"सही?" मी विचारलं.

"बघू," ही म्हणाली.

ज्यांचं लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली आहेत त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. भांडण केलं असतं तर मी मिटवलं असतं. 'बघू'पुढे अपील नसतं.

हिला व्हायोलिन पसंत नाही, असा निष्कर्ष मी काढला. माणसाला स्वतःची चूक शोधायची असली की तो सोयीची तेवढी शोधतो. म्हणून सल्ला घ्यायला मी वरच्या मजल्यावरच्या बँडमास्तरांकडे गेलो. हे पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. घरातही ताठ बसतात.

"व्हायोलिन?" मास्तर म्हणाले. "त्यावर चालणार कसे लोक?"

"चालायचं कशाला? बसून ऐकायचंय."

"बसलेली माणसं शेवटी उठतातच ना? उठायला ताल लागतो. मी छत्तीस निरोप वाजवलेत साहेब. ताल नसला की माणसं दारात एकमेकांवर आदळतात. क्लॅरिनेट घ्या. मी स्वतः वाजवीन." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "माझी तब्येत तुमच्यापेक्षा बरी आहे."

मास्तर माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे आहेत. मी विचार करतो म्हणालो, तर त्यांनी तेवढ्यात माझी उंची विचारून घेतली. कशासाठी ते सांगितलं नाही.

घरी येऊन मी व्हायोलिन खोडलं आणि सारंगी लिहिली. फॉर्म हिच्यापुढे धरला. हिने वाचला आणि पुन्हा खणात ठेवला. दोन दिवसांनी सारंगीच्या जागी जुन्या गायिकेचं पहिलं गाणं आलं, मग दुसरं. रकाना नऊ इतका खोडला गेला की खालचा कागद दिसायला लागला. ही दर वेळी वाचायची आणि दर वेळी खण उघडायची. मला तर त्या खणाचाच राग यायला लागला.

बारा दिवस असे गेल्यावर मी ठरवलं की प्रश्न शास्त्रशुद्ध पद्धतीने सोडवायचा. कोणतीही लिफ्ट आम्ही भार टाकून बघितल्याशिवाय सुरू करू देत नाही. गाण्याचीही तशीच चाचणी घ्यायला हवी. रविवारी सकाळी इमारतीच्या मीटिंग हॉलमध्ये मी एकोणीस खुर्च्या मांडल्या. शेजारीपाजारी आले, कारण चहा आहे असं मी फलकावर लिहिलं होतं. पहिल्या रांगेत हिला बसवलं. मी स्वतः मधोमध एका खुर्चीवर डोळे मिटून बसलो. झोपावं असं मास्तरांचं मत होतं, पण मी मर्यादा पाळली.

आणि बासरी लावली. काय सुंदर बासरी होती. अर्ध्या मिनिटाने मी एक डोळा किलकिला केला. माणसं हलली असतील, कोणाच्या डोळ्यांत पाणी असेल, अशी माझी अपेक्षा. प्रत्यक्षात सगळ्यांनी गाल धरले होते. तळमजल्यावरचे काका तर खुर्चीचे दोन्ही हात पकडून तोंड उघडं टाकून बसले होते.

आमच्या शेजारी दंतवैद्यबाई राहतात. त्यांचा दवाखाना कोपऱ्यावरच, आणि अख्खी इमारत दातांसाठी तिथेच जाते. गेली नऊ वर्षं त्यांच्या दवाखान्यात हीच बासरी वाजते.

"रुग्ण शांत होतात हिने," दंतवैद्यबाई चहा घेताना मला म्हणाल्या. "तुमची निवड उत्तम आहे. फक्त माझ्या धंद्याला धक्का लागेल. आधीच लोक घाबरतात, त्यात तुमची आठवण आली तर येणारच नाहीत."

मी बासरी खोडली. या सगळ्यात एक चूक झाली. चाचणी कशाची आहे ते मी सगळ्यांना सांगितलं होतं, पण का घेतोय ते कोणालाच सांगितलं नव्हतं. लोकांनी ते आपल्या आपण ठरवलं. धडधाकट माणूस स्वतःच्या अंत्यविधीची रंगीत तालीम घेत नाही, तेव्हा हा धडधाकट नाही.

सोमवारपासून माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलू लागले. गाडी लावायच्या जागेवरून तीन वर्षं माझ्याशी भांडणारा दुसऱ्या मजल्यावरचा वकील स्वतः गाडी काढून म्हणाला, "तुम्ही लावा हो, काही दिवसांचा तर प्रश्न आहे." ऑफिसात बातमी कशी पोचली देव जाणे. पाच वर्षं अडकलेला माझा खिडकीजवळच्या टेबलाचा अर्ज साहेबांनी उभ्या उभ्या मंजूर केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकोणतीस वर्षांत या माणसाचा हात माझ्या खांद्याला पहिल्यांदा लागला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मी दोन दिवस किंचित सावकाश चाललो. एकदा जिन्यावर थांबून कठड्याला हातही लावला.

बुधवारी साहेबांनी विचारलं, "डॉक्टर नक्की काय म्हणतात?" आणि मला खरं सांगावं लागलं. डॉक्टर काहीच म्हणत नाहीत, थोडं वजन कमी करा म्हणतात, एवढंच. साहेबांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांची कीव आली. संध्याकाळपर्यंत इमारतीलाही कळलं. लोकांची घोर निराशा झाली. वकिलाची गाडी मूळ जागी परत आली. मास्तर जिन्यात म्हणाले, "म्हणजे काही नाहीच का?" आणि क्लॅरिनेटची पेटी घेऊन वर गेले. न मरून मी एवढ्या लोकांना दुखावलं असेन, याची मला कल्पना नव्हती.

या गडबडीत अठ्ठाविसावा दिवस उजाडला. दोन दिवसांनी अर्ज बाद होणार, आणि मग जावई, फोन, गादी. त्या संध्याकाळी ही इस्त्री करत बसली होती. मी खणातून फॉर्म काढला आणि समोर स्टूल घेऊन बसलो.

"हे बघ," मी म्हणालो, "तुला काय आवडतं ते तूच सांग. तुझ्या आवडीचं लिहितो. मग तर सही करशील?"

हिने इस्त्री उभी ठेवली. "यादी दाखवा."

मी अकराच्या अकरा रचनांची यादी दिली. हिने पेन घेतलं आणि वरून सुरुवात केली.

"व्हायोलिन नको. आपली सुमी पोटात असताना मी हे रोज दुपारी ऐकायचे. सारंगी नको. आई गेली त्या वर्षी हेच लावून बसायचे मी, त्याच्यामुळे उठले. हे गाणं मी कपडे वाळत घालताना म्हणते. हे दुसरंही नको, हे तर माझंच आहे." अशी ती खाली खाली येत गेली. अकरावी ओळ खोडली आणि कागद मला परत दिला.

मी यादीकडे बघत राहिलो. अकरापैकी एकही रचना मी स्वतः शोधलेली नव्हती. सगळ्या याच घरात, स्वयंपाकघरातून नाहीतर गॅलरीतून माझ्या कानावर पडलेल्या. बत्तीस वर्षं जिला मी माझी अभिरुची समजत होतो ती शेजारच्या खोलीत राहत होती.

"पण एवढी आवडतात, तर लावायला नको का?" मी विचारलं. "निरोपाला आवडतं गाणंच लावतात."

"कोणासाठी?" ही म्हणाली. "तुम्हाला तर ऐकू येणार नाही. पहिल्या रांगेत बसून ऐकायचंय मला. आणि ते एकदा ऐकलं की संपलं. मग ते गाणं कुठेही लागलं, दुकानात, रेडिओवर, कोणाच्या फोनवर, तरी मी परत त्याच खुर्चीत जाऊन बसणार. तुम्ही जाणार ते जाणार, जाताना माझं गाणंही घेऊन जाणार. तुमच्यामागे मला काहीतरी ऐकायला राहू द्या की."

मी स्टुलावर बसून होतो, आणि मला अठ्ठावीस दिवसांची, एकोणीस खुर्च्यांची आणि त्या सावकाश चालण्याची मनापासून लाज वाटली. हिच्या बाजूने मी हा रकाना एकदाही वाचला नव्हता.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"मला अजिबात आवडत नाही असं काहीतरी लिहा. गेलं तरी चालेल असं."

मग आम्ही दोघं शोधायला बसलो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. वाईट गाणी पुष्कळ असतात, पण पूर्ण वाईट, ज्यांच्यात कुठेच जीव अडकलेला नाही अशी सापडत नाहीत. तासाभराने ही एकदम म्हणाली, "तुमच्या खात्याचं गाणं."

आमच्या खात्याचं एक सुरक्षागीत आहे. खात्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा एका साहेबांनी स्वतः रचलं आणि आमच्या सतरा जणांकडून रेकॉर्ड करून घेतलं. मी दुसऱ्या रांगेत होतो, आणि चाळीस दिवस घरी त्याचा सराव केला होता. त्याचं धृपद असं : 'दार लावा, बटण दाबा, घाई नका करू, वरती जाणारा प्रत्येकजण पोचणार हळूहळू.'

"ते?" मी म्हणालो. "अगं, माझी काही प्रतिष्ठा?"

"चाळीस दिवस सहन केलंय मी ते. त्याच्याशिवाय मला आरामात जगता येईल." आणि हिने सतराव्या रकान्यात सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख.

खिडकीवरच्या बाईंनी रकाना नऊ वाचला, मग गाण्याचे शब्द मागितले. नियमाप्रमाणे आक्षेपार्ह काही नाही ना हे तपासावं लागतं. त्यांनी धृपद दोनदा वाचलं. "समर्पक आहे," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. मान ताठ ठेवून मी वळणार, तेवढ्यात आठवलं. "आणखी एक फॉर्म द्या," मी म्हणालो. सकाळी निघताना हिने सांगितलं होतं, माझाही एक आणा म्हणून.

तो फॉर्म आता माझ्यापुढे आहे. हिने नाव, पत्ता, सगळं भरलं, चौदाव्या रकान्यात मशीनला चालेल अशी तारीखही टाकली आणि संगीताचा रकाना मोकळा ठेवला. "नियम तोच," ही म्हणाली. "तुम्हाला नको असेल ते लिहा. ऐकायचं तुम्हाला आहे."

मला वाटलं होतं दोन मिनिटांचं काम आहे. मला न आवडणारी गाणी पोत्याने आहेत. पाण्याच्या खात्याला फोन केला की 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणत एक टिनपाट धून वाजते, ती लिहायला घेतली. पण ती वाजत असताना ही फोन टेबलावर ठेवते आणि पलीकडचा माणूस येईपर्यंत आम्ही दोघं पत्ते खेळतो. खालच्या मजल्यावरच्या मुलीचा पेटीवरचा सराव मला सोसत नाही, पण तो सुरू झाला की ही माझ्याकडे बघून डोळे फिरवते, आणि दिवसभरात आमचं तेवढ्यावर एकमत होतं. शेवटी सकाळचा गजर उरला. बत्तीस वर्षांत घड्याळं बदलली, फोन बदलले, धुनी बदलल्या, आणि प्रत्येक धुनीचा मी मनापासून तिरस्कार केला. ती मी लिहिली, अगदी टपोऱ्या अक्षरात. मग खोडली. गजर माझ्या बाजूला असतो, आणि तो बंद करायला रोज हिचा हात माझ्या अंगावरून जातो.

आज हिच्या फॉर्मचा तिसावा दिवस आहे. खिडकीवरच्या बाईंचा दोनदा फोन येऊन गेला. मुदतवाढ मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. मी तरीही मुदतवाढीचा अर्ज पाठवला आहे. कारण विचारलं होतं, तिथे 'शोध चालू आहे' असं लिहिलंय.